तालमीत कुत्री असावी का? कॅनडातल्या कर्लिंग क्लबचा फोटो बघून विचारतोय

तांबडी_माती (सांगली)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण वाचा आणि मनापासून काय वाटतं ते सांगा, कारण रविवारी संध्याकाळी आमच्या मंडळाची मीटिंग आहे आणि मला तिथं काहीतरी ठाम बोलायचंय.

आमचं गाव कृष्णाकाठी, सांगलीतनं गाडीवर अर्धा तास. गावात कुस्तीची जुनी तालीम आहे, मातीची. दिवसा मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतो आणि पहाटे साडेचारला तालीम उघडून पोरांची मेहनत घेतो. वस्ताद होते तोवर मी त्यांच्या हाताखाली होतो, गेल्या वर्षी वस्ताद गेले आणि किल्ली माझ्याकडं आली. किल्लीबरोबर चिंगी पण आली.

चिंगी म्हणजे तालमीतली कुत्री. २०१९ चा महापूर आठवत असेल सगळ्यांना. पाणी उतरल्यावर गाळ काढायला गेलो तर मागच्या खोलीत फळीवर गदेशेजारी तळहाताएवढं पिल्लू बसलेलं, चिखलानं डोळे चिकटलेले. वस्तादांनी ओल्या फडक्यानं तिचे डोळे पुसले आणि स्वतःच्या खुराकातलं दूध बशीत ओतलं, तेव्हापासून ती तिथंच. हौद्याच्या, म्हणजे कुस्ती खेळायच्या मातीच्या, कडेला दगडी उंबरा आहे, त्यावर हनुवटी टेकून बसते, पंजे अलीकडं आणि नाक तेवढं पलीकडं. एवढ्या वर्षांत हौद्यात पाय टाकलेला मी बघितलेला नाही. माती उकरताना हळद उडाली की शिंकते, शड्डू वाजला की तिचा डावा कान उभा राहतो, उजवा पडलेलाच असतो. वस्तादांचा पटका अजून खुंटीला आहे, रात्री त्याच्याखाली पोतं टाकलेलं असतं त्यावर झोपते.

आता अडचण अशी की यंदा लहान पोरं बरीच आलीत, सात-आठ वर्षांची, मुली पण आहेत, आणि काही पालकांचं म्हणणं की कुत्री हलवा. मंडळातल्या दोघांचं म्हणणं वेगळंच, मारुतीच्या तसबिरीसमोर कुत्रं म्हणजे विटाळ. मी गप्प बसलो पण मनाला लागलं.

त्यात परवा माझ्या आतेबहिणीनं कॅनडातनं फोटो पाठवला. ती तिथं कर्लिंग खेळायला जाते, बर्फावर दगड सरकवायचा खेळ. फोटोत क्लबच्या हॉलमध्ये काचेजवळ एक म्हातारा कुत्रा पडलाय, गळ्यात क्लबच्या रंगाचा रुमाल, आणि भिंतीवरच्या बोर्डावर मेंबरांच्या फोटोत त्याचा पण फोटो. तो त्यांचा मस्कॉट, म्हणजे क्लबची खूण, आहे म्हणे, टीशर्टवर पण छापलाय. मला वाटलं आपली चिंगी पण असंच काहीतरी आहे की, फक्त आपण तिला नाव दिलेलं नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाला पोरांचे टीशर्ट करायचेत, त्यावर चिंगी घ्यावी का? का हे सगळं माझ्या मायेपोटी चाललंय आणि पालकांचंच बरोबर आहे?

---

साताऱ्याची_मावशी

अरे बाळा, तुझं वाचून लिहायला बसलेच. माझा मुलगा कॅनडात आहे, मागच्या हिवाळ्यात पाच महिने तिथं होते, बाहेर पाऊल टाकवत नाही इतकी थंडी, मग सून दर मंगळवारी मला त्यांच्या कर्लिंग क्लबात घेऊन जायची. तिथं पण एक कुत्री होती, पिवळसर, जाड, खूप शांत, बर्फ तयार करणाऱ्या माणसाची. तो सकाळी यायचा तेव्हा ती यायची आणि रात्री त्याच्याबरोबर परत जायची.

पण एक गोष्ट तुझ्या फोटोत आहे ती नीट बघ. कुत्रा काचेच्या कुठल्या बाजूला आहे? अलीकडच्या. खेळायची जागा काचेच्या पलीकडं असते आणि बसायची अलीकडं, तिथं गरम असतं, लोक चहा-कॉफी बिअर घेऊन बघत बसतात. कुत्री सगळ्यांच्या पायात फिरायची, पण काचेचं दार उघडलं तरी ती पलीकडं जायची नाही.

मी त्या माणसाला सुनेकडून विचारून घेतलं की का जाऊ देत नाहीस, तर त्यानं मला बर्फ जवळून दाखवला. मला वाटायचं बर्फ काचेसारखा गुळगुळीत असेल, तसा नसतोच. तो पाठीवर पाण्याची टाकी घेऊन उलटा चालत चालत त्यावर बारीक थेंब शिंपडतो, आपल्याकडं द्राक्षबागेत फवारणीचा पंप असतो ना अगदी तसंच दिसतं. थेंब जागच्या जागी गोठतात आणि बर्फावर घामोळ्यासारखा पुरळ उठतो. त्या पुरळावरून दगड पळतो. दगड म्हणजे जवळजवळ २० किलोपर्यंत वजन, ग्रॅनाइटचा, स्कॉटलंडजवळ आयल्सा क्रेग म्हणून बेट आहे तिथला दगड त्यासाठी नावाजलेला. एवढा जड, पण खाली टेकतो एका अरुंद कड्यावर, बांगडी पालथी ठेवल्यासारखा. त्या कड्याखाली एक केस आला, एकच, तरी दगड वाट सोडतो. ४५ मीटर लांब पट्टी असते, सुरुवातीला बोटभर सरकला की शेवटी कुठल्या कुठं जातो. म्हणून लोक बाहेरचे बूट काढून वेगळे स्वच्छ बूट घालून आत जातात. आणि कुत्र्याचे केस किती गळतात ते तुला सांगायला नको.

म्हणजे तिथं कुत्रीवर सगळ्यांचा जीव होता आणि बर्फावर मात्र ती नव्हती, या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. तुझी चिंगी उंबऱ्यावर हनुवटी ठेवते म्हणालास ना, मला तीच आठवली. ती काचेला नाक लावून बसायची, दगड डावीकडून उजवीकडं गेला की तिची मान जायची, थांबला की थांबायची. आणि झाडूवाले दगडापुढं बर्फ घासत पळतात, त्यानं बर्फ किंचित तापतो आणि दगड लांब जातो, तेव्हा मागून कॅप्टन ओरडतो "हरी! हरी!", घाई करा म्हणून. मला पहिल्या दिवशी खरंच हरिनाम वाटलं, हात जोडले गेले. ती कुत्री त्या आवाजाला उठून बसायची आणि शेपटी काचेवर आपटायची.

आणखी एक, तुझ्या मीटिंगसाठी. ते लोक खेळाआधी हात मिळवतात, खेळ झाल्यावर परत मिळवतात, आणि जिंकलेले हरलेल्यांना स्वतःच्या पैशानं पाजतात, एका टेबलावर बसून. हरलेली टीम येऊन बसली की कुत्री त्यांच्या पायाशी जाऊन बसायची. तिला कोण शिकवणार? त्यांच्या ताटातलं जास्त मिळत असेल कदाचित, पण हरलेल्या माणसाच्या पायावर कुणी डोकं ठेवलं की त्याचा चेहरा बदलतो, हे मी पाच महिने बघितलंय.

---

दोन_लेकरांचा_बाप

मी विश्रामबागला राहतो. कुणाला दुखवायचं नाही, पण दुसरी बाजू पण ऐका.

माझी पोरगी नऊ वर्षांची, एका मैदानावर खो-खोला जायची, तिथं पण असाच सगळ्यांचा लाडका कुत्रा होता, "काही करत नाही हो" म्हणायचे सगळे. एक दिवस तो खात होता आणि हिचा पाय त्याच्या शेपटीवर पडला. पोटरीला धरलं. दोष कुत्र्याचा पण नाही आणि पोरीचा पण नाही, पण त्यानंतर जखमेत टोचलेलं इंजेक्शन, मग ठरलेल्या तारखांना परत परत डोस, आणि प्रत्येक वेळी तिचा तो दारातच बसलेला हट्ट. सगळ्यात वाईट म्हणजे मैदानावर कुणाला माहीतच नव्हतं की त्या कुत्र्याला लस दिलीय का नाही. दहा जण त्याला बिस्कीट घालत होते आणि एकालाही ते सांगता आलं नाही. मी त्या रात्री झोपलो नाही. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की वाचत नाही माणूस, हे माहीत असल्यावर कशी झोप येणार.

पोरीनं खो-खो सोडला. तिला खेळ आवडत होता.

त्यामुळं तांबडी माती दादा, टीशर्टचं नंतर बघा. आधी मला सांगा चिंगी कुणाची आहे? "तालमीची आहे" हे उत्तर नको. एका माणसाचं नाव सांगा.

---

गुरांचा_डॉक्टर_मिरज

वरच्या बापाचा प्रश्न एकदम बरोबर आहे, मी पण तिथूनच सुरू करतो. लसीचं कार्ड आहे का चिंगीचं? नसेल तर लस झालेलीच नाही असं धरा. वस्तादांनी कधीतरी शिबिरात टोचून घेतली असेल तरी रेबीजची लस दरवर्षी लागते. आता द्या, तारीख लिहा, कार्ड तालमीत भिंतीवर लावा, पालकांना दिसेल असं.

दुसरं, नसबंदी. सहा-सात वर्षांची असणार ती, तपासून मग ऑपरेशन करू. एक तर दर माजाला तालमीबाहेर कुत्र्यांचं टोळकं जमतं, पोरांना खरा धोका त्या टोळक्याचा. दुसरं म्हणजे न केलेल्या मादीला वय झालं की गर्भपिशवीत पू होतो, अशा केसेस माझ्याकडं सारख्या येतात आणि उशिरा येतात.

तिसरं मातीबद्दल, हे मला मुद्दाम सांगायचंय कारण कुस्तीवाल्यांना कुणी सांगत नाही. कुत्र्याच्या पोटात हूकवर्म नावाचे जंत असतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, अळ्या होतात आणि त्या अळ्या माणसाच्या उघड्या कातडीतनं आत शिरतात. बूट घालून फिरणाऱ्याला फरक पडत नाही, पण तुमची पोरं अनवाणी, नुसत्या लंगोटावर, अख्खं अंग मातीत. कातडीखाली नागमोडी लाल रेघ आणि न थांबणारी खाज, असं कुणा पोराला झालेलं बघितलं असेल तर ते हेच. ओलसर सावलीतली माती अळ्यांना आवडते, म्हणजे हौदाच. तुम्ही हळद, लिंबू, ताक, तेल घालता ते चांगलं आहे, पण त्याच्या भरवशावर कुत्री हौद्यात सोडू नका. मावशींनी सांगितलेला केस तिथं दगड वळवतो, इथं विष्ठेचा एक खडा महिनाभर त्रास देतो. चिंगी आत जात नाही हे तिचं आणि वस्तादांचं मोठं काम आहे, ते मोडू देऊ नका. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, आणि रात्री हौद्याला फळ्या किंवा जाळी, म्हणजे बाहेरचं दुसरं कुठलं जनावर पण जाणार नाही.

चौथं, चाटणं. पैलवानाच्या कोपराला गुडघ्याला कायम खरचटलेलं असतं. उघड्या जखमेवर कुत्र्याची लाळ लागली तर ते चावल्याइतकंच धरतात. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि दवाखाना गाठायचा. हळद-चुना दाबून बसायचं नाही.

आणि शेवटी, खुराकातले बेदाणे! आपला भाग तासगावचा, प्रत्येक पोराच्या खिशात बेदाणे. कुत्र्याला द्राक्षं-बेदाणे अजिबात घालायचे नाहीत, किडन्या बंद पडतात. किती खाल्ले की होतं याचा नेम नाही, एखादं थोडक्यात जातं. मी हे हंगामात बघतो, बेदाण्याच्या शेडवरची कुत्री असतात. पोरं प्रेमानं देतात आणि दोन दिवसांनी कुत्रं उलट्या करत येतं.

---

तांबडी_माती (सांगली)

डॉक्टर, बेदाण्याचं वाचलं आणि हात थरथरला खरंच. पोरं रोज दोन-चार दाणे घालतात तिला, मी पण घातलेत. आज पहाटेच सगळ्यांना उभं करून सांगितलं, एका लहान्यानं रडत रडत विचारलं की चिंगी मरणार का. त्याला कालचे दाणे आठवले. ती ठीक आहे, खाते पिते, लघवी नीट होते.

लसीचं कार्ड नाही. वस्तादांच्या वहीत शोधलं, २०२१ मध्ये शिबिराला नेल्याची एक ओळ आहे, पुढं काही नाही. आणि विश्रामबागच्या दादांना सांगतो, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तिला रोज खायला घालतो पण माझी आहे असं कधी म्हटलंच नाही. तुमच्या पोरीला आमच्याकडनं नमस्कार सांगा, तिला खो-खो परत खेळावासा वाटला तर बरं वाटेल.

---

पीटी_मास्तर_कराड

शाळेत खेळाचा शिक्षक आहे म्हणून दोन गोष्टी.

कायद्याचं आधी. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं शाळा-कॉलेज, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन आणि क्रीडासंकुलं यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, लस-नसबंदी करून शेल्टरमध्ये ठेवा, परत तिथं सोडू नका असं सांगितलंय. तुमची गावची तालीम त्यात बसते का नाही यावर कीस काढत बसू नका, उद्या कुणी अर्ज केला तर "भटकी" या एका शब्दावर ती जाईल. म्हणून कुणीतरी तिला रीतसर दत्तक घ्या, गळ्यात पट्टा, कार्डावर मालकाचं नाव, ग्रामपंचायतीला लेखी कळवा. मालक असलेली कुत्री आणि भटकी कुत्री यात फरक आहे.

आता मस्कॉट. येल म्हणून अमेरिकेत विद्यापीठ आहे, तिथं १८८९ पासून बुलडॉग आहे, हँडसम डॅन नाव, एक गेला की दुसरा त्याच नावानं येतो. म्युनिकला १९७२ चं ऑलिम्पिक झालं त्याचा मस्कॉट वाल्दी, हा डॅशहुंड, आखूड पायाचा लांब कुत्रा, आणि त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा रस्ता नकाशावर त्या कुत्र्याच्या आकाराचा आखला होता! पोरांना हे सांगतो तेव्हा वर्गात चिडीचूप होते. म्हणजे कुत्र्याला खेळाची खूण करणं यात कमीपणाचं काही नाही.

आणि विटाळ म्हणणाऱ्यांना औदुंबरला घेऊन जा, पलूस तालुक्यातच आहे, लांब नाही. दत्ताच्या पायाशी कोण आहे ते बघू द्या. आमच्याकडं पालीला खंडोबाच्या यात्रेला चला म्हणावं, तिथं देवाच्या कुत्र्याला मान आहे. मारुतीच्या तसबिरीसमोर मुकं जनावर बसलं तर देव रागावतो असं मला तरी कुणा वडीलधाऱ्यानं शिकवलं नाही.

---

दोन_लेकरांचा_बाप

तांबडी माती दादा, पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली चिंगीचा फोटो टाका.

माझं मत अजून थोडं वेगळंच आहे. लस, कार्ड, सगळं केलं तरी लहान पोरांच्या तासाला तिला मागच्या अंगणात ठेवा, आणि ती खात असताना कुणीही जवळ जायचं नाही हे पोरांकडून पाठ करून घ्या. नव्या पोराची पहिली ओळख तुम्ही स्वतः करून द्या, हात खाली, हुंगू द्यायचं, डोक्यावरून हात टाकायचा नाही. एवढं असतं तर माझी पोरगी आज मैदानावर असती.

---

तांबडी_माती (सांगली)

मीटिंग झाली. मावशींचं काचेचं सगळं वाचून दाखवलं, डॉक्टरांचं मातीचं पण, काही लपवलं नाही. एका पालकानं विचारलं की एवढे धोके आहेत तर ठेवताच कशाला? मी म्हटलं हे धोके आत्तापर्यंत पण होते, आपल्याला माहीत नव्हते. मग दादांचा प्रश्न आला, कार्डावर नाव कुणाचं. मी माझं सांगणार होतो तेवढ्यात वस्तादांच्या घरच्या काकू उठल्या. त्या कधी मीटिंगला येत नाहीत, दारात उभ्या होत्या. म्हणाल्या माझं लिहा. एवढंच बोलल्या आणि गेल्या. त्यावर कुणी काही बोललं नाही, विटाळवाले पण नाही.

ठरलं ते असं: हौद्याला सुतार जाळीची झडप करून देणार, लहान्यांच्या तासाला चिंगी अंगणात, बेदाणे बंद, खाणं फक्त मी किंवा काकू घालणार. टीशर्टचं लस आणि ऑपरेशन झाल्यावर बघायचं ठरलं, मला ते पटलं. एका पोरानं चित्र काढून पण आणलंय, एक कान उभा, एक पडलेला.

डॉक्टर, मंगळवारी मिरजेला तुमच्याकडं आणतोय. ती कधी गाडीत बसलेली नाही, रिक्षा सांगितलीय. कसं बसवू? काकू पण येणार आहेत.

---

गुरांचा_डॉक्टर_मिरज

सकाळी उपाशी आणा, पाणी चालेल. नवीन चादर वगैरे घालू नका, ती झोपते तेच पोतं रिक्षात टाका, न धुता. काकूंना आधी बसवा, चिंगी मागनं चढेल. पट्टा आजपासूनच घाला म्हणजे दोन दिवसांत सवय होईल, आणि वस्तादांची ती वही पण घेऊन या, २०२१ ची तारीख बघतो.

---

साताऱ्याची_मावशी

पोत्याबरोबर वस्तादांचा पटका पण घे रे बाळा. काकूंच्या मांडीवर राहू दे.